वैयक्तिक जनुकशास्त्र : ‘जीनोमपत्री’चा विचार आणि म्हैसूरच्या नोंदी

आजार बळावल्यानंतर उपचार करण्याऐवजी त्याची शक्यता आधीच ओळखावी, हा वैयक्तिक जनुकशास्त्रावर उभ्या राहिलेल्या उद्योगाचा मूळ विचार आहे. भारतात हा विचार मांडणाऱ्यांत हैदराबादच्या उद्योजिका अनु आचार्य यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. आयआयटी खरगपूरच्या माजी विद्यार्थिनी असलेल्या आचार्य यांनी २००० मध्ये ‘ओसिमम बायोसोल्युशन्स’ आणि त्यानंतर ‘मॅपमायजीनोम’ ही कंपनी स्थापन केली. लाळेच्या नमुन्यावरून तयार होणाऱ्या अहवालाला या कंपनीने ‘जीनोमपत्री’ असे नाव दिले. आजारांची जोखीम आणि औषधांना शरीर कसा प्रतिसाद देईल याचा अंदाज त्यातून मिळतो. समुपदेशनाच्या आधारे व्यक्तीने आहार-विहारात बदल करावा, अशी त्यामागील कल्पना आहे.

मानवी जनुकसंचाचे वाचन करणारा आंतरराष्ट्रीय प्रकल्प २००३ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा त्याला १३ वर्षे लागली होती. आज हे काम काही दिवसांत होते आणि खर्चही पूर्वीच्या तुलनेत नगण्य असतो.

तथापि, आरोग्याचे भवितव्य केवळ जनुकांवर ठरत नाही, याचे महत्त्वाचे संकेत म्हैसूरमध्ये मिळाले. तेथील होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयाने १९३४ पासून नवजात बालकांचे वजन, लांबी व डोक्याचा घेर नोंदवून ठेवला होता. त्या नोंदींतील ५१७ व्यक्तींचा प्रौढ वयात झालेला अभ्यास १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जन्मतः अडीच किलो किंवा त्याहून कमी वजन असलेल्यांमध्ये हृदयधमनीविकाराचे प्रमाण ११ टक्के आढळले, ३.१ किलो किंवा अधिक वजन असलेल्यांमध्ये ते ३ टक्के होते. गर्भावस्थेतील वाढ आणि मातेचे पोषण यांकडे या निष्कर्षांनी लक्ष वेधले.

जनुकीय अंदाजांची आणखी एक मर्यादा आहे. जगातील बहुतांश जनुकीय माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची असल्याने भारतीयांसाठी हे अंदाज कमी अचूक ठरू शकतात. ही उणीव भरून काढण्यासाठी २०२० मध्ये हाती घेतलेल्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील १० हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी उपलब्ध करण्यात आली.

गोपनीयतेचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. अमेरिकेतील ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ ही कंपनी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेल्यावर लक्षावधी ग्राहकांच्या जनुकीय माहितीच्या मालकीवरून वाद निर्माण झाला. भारतात विमा नियामकाने मार्च २०१८ मध्ये नव्या आरोग्य विमा पॉलिसींतून जनुकीय विकार वगळू नयेत, असे निर्देश दिले. पासवर्ड बदलता येतो, जनुके बदलता येत नाहीत. शिवाय ती रक्ताच्या नातेवाइकांविषयीही माहिती देतात. त्यामुळे चाचणीपूर्वीची संमती ही केवळ औपचारिकता राहू नये, अशी अपेक्षा आहे.