उत्क्रांतिधेनू

मरणासन्न माणसाच्या हातून करायच्या दानांत एक गोदान असते. त्याचे नाव उत्क्रांतिधेनू. प्राण सुखाने निघावा म्हणून ही गाय द्यायची. ब्रह्मसूत्रांत (२.३.१९) 'उत्क्रांती' येते तीही याच अर्थाने, जीवाने देह सोडून निघणे. जीवशास्त्राच्या पुस्तकातला आपला शब्द मुळात असा तिरडीच्या वाटेवरचा. प्रतिशब्द शोधणाऱ्यांना त्यातले 'वर पाऊल टाकणे' भावले असावे. पण डार्विनच्या सिद्धांतात वर चढायची सक्ती कुठे आहे? अंधाऱ्या गुहेतल्या माशाचे डोळे गेले, तरी तीही उत्क्रांतीच.

ज्याच्यासाठी हा शब्द घेतला, त्या 'इव्होल्यूशन'चे कूळही सरळ नाही. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गुंडाळलेली पोथी उलगडणे. स्विस शरीरशास्त्रज्ञ आल्ब्रेख्त फॉन हालर याने १७४४ साली तो गर्भाच्या वाढीविषयीच्या एका मताला लावला. त्या मताचे लोक म्हणत, की पुढे जन्मणारा जीव बीजात आधीच पुरता घडलेला असतो. ईश्वराने तो सृष्टीच्या आरंभीच घडवून ठेवलेला, गर्भात नुसता उलगडतो. नवे काहीच घडत नाही. डार्विनला म्हणायचे होते त्याच्या नेमके उलट! त्याच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या १८५९च्या पहिल्या आवृत्तीत हे नाम सापडत नाही. ग्रंथाचा शेवटचा शब्द म्हणून तेवढे क्रियापद येते. नाम आले ते १८७२च्या सहाव्या आवृत्तीत. तोवर हर्बर्ट स्पेन्सरने ते लोकांच्या तोंडी बसवले होते.

उत्क्रांतीच्या विरोधी गोटाच्या नावाची गंमत याहून मोठी. अर्भकाचा आत्मा देव दर वेळी नव्याने निर्माण करतो, की तो आईबापांकडून देहाबरोबरच येतो, हा ख्रिस्ती पंडितांचा जुना वाद. सेंट ऑगस्टीनलाही त्याचा निकाल शेवटपर्यंत लावता आला नाही. यातल्या पहिल्या मताचे नाव 'क्रिएशनिझम'. म्हणजे आज एकमेकांसमोर उभे केले जाणारे हे दोन शब्द, एक इंग्रजी आणि एक आपला, दोन्ही आत्म्याचेच: एक त्याच्या येण्याचा, दुसरा जाण्याचा.

पुढे प्रत्येक जीवजात देवाने वेगळी घडवली असे मानणाऱ्यांना डार्विन आपल्या पत्रांतून 'क्रिएशनिस्ट' म्हणू लागला. तरी शिक्का पक्का बसला नाहीच. विसाव्या शतकातला मोठा उत्क्रांतिशास्त्रज्ञ थिओडोसियस डॉबझान्स्की श्रद्धाळू ख्रिस्ती होता. आपण दोन्ही आहोत, असे त्याने १९७३च्या लेखात स्वच्छ लिहून टाकले. त्याला कोणत्या रांगेत बसवायचे?

अमेरिकेत मात्र नावावर खटले उभे राहिले. जून १९८७मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांत उत्क्रांती शिकवली तर 'क्रिएशन सायन्स'ही शिकवायची सक्ती करणारा लुइझियानाचा कायदा घटनाबाह्य ठरवला. त्या सुमारास 'ऑफ पांडाज अँड पीपल' या शालेय पुस्तकाचे खर्डे तयार होत होते. निकालानंतरच्या खर्ड्यांत 'क्रिएशन'च्या जागी 'इंटेलिजंट डिझाइन' आले. व्याख्या जवळपास जशीच्या तशी राहिली. २००५ साली पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरच्या शाळांतल्या 'इंटेलिजंट डिझाइन'वरच्या खटल्यात हे खर्डे न्यायालयापुढे आले. एका ठिकाणी 'क्रिएशनिस्ट्स' खोडून 'डिझाइन प्रपोनंट्स' घालताना हात घसरला होता. जुन्या शब्दाचे पहिले अक्षर पुढे चिकटून राहिले होते, आणि शेपूट मागे.