जांभ्या सड्यावरील वनस्पती : ओळख आणि जमीन वापर

रत्नागिरी, सिंधुदुर्गातील सडे आणि साताऱ्याजवळील कास पठार यांचा माथा जांभा खडकाचा आहे. उन्हाळ्यात उघडा दिसणारा हा कातळ पडीक समजला जातो. प्रत्यक्षात येथे खास वनस्पती वाढतात आणि जांभ्या जमिनीच्या अन्नद्रव्यांची स्थितीही त्या दाखवतात.

जमिनीचे स्वरूप
भरपूर पाऊस व उष्णतेमुळे मूळ खडकातील सिलिका, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम वाहून जाते. लोह व ॲल्युमिनिअमची ऑक्साइडे मागे राहतात. वरची माती उथळ व आम्लधर्मी असते. लोह-ॲल्युमिनिअममुळे स्फुरदाचे स्थिरीकरण होते, त्यामुळे तो पिकाला कमी मिळतो.

आढळणाऱ्या वनस्पती
- दवबिंदू, सीतेची आसवे : कीटकभक्षी. जमिनीत कमी असलेले नत्र व स्फुरद त्या लहान जीवांपासून मिळवतात.
- गेंद : पाणी साचणाऱ्या उथळ, ओल्या जागी.
- दीपकाडी : कोकणच्या सड्यांवरील कंदवर्गीय वनस्पती. जूनमध्ये पांढरी फुले येतात. उरलेला काळ कंद जमिनीत राहतो.
- वायतुरा : कास परिसरातील डबक्यांत.

पाहणी कशी करावी
एकाच फेरीत सर्व वनस्पती दिसत नाहीत. जूनच्या पहिल्या पावसानंतर कंदवर्गीय, तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गेंद व कीटकभक्षी वनस्पती पाहाव्यात. खडकाच्या भेगा, उथळ माती, डबकी व उघडा कातळ यांची वेगळी नोंद करावी. छायाचित्र घ्यावे, कंद उपटू नयेत.

शेतकऱ्यांसाठी सूचना
1. जांभ्या जमिनीत माती परीक्षण करूनच स्फुरदाची मात्रा ठरवावी. सिंगल सुपर फॉस्फेट सर्वत्र फोकून न देता कुजलेल्या शेणखतात मिसळून मुळांजवळ द्यावे. आम्लधर्मी जमिनीत फळझाडांना रॉक फॉस्फेटही उपयोगी ठरते.
2. आंबा-काजू लागवडीसाठी सुरुंग लावून अखंड सडा फोडण्यापूर्वी विचार करावा. बाहेरून माती आणून बाग उभी राहते, पण मोडलेला कातळ व त्यावरील कंद परत येत नाहीत.
3. सड्याच्या भेगांतून मुरणारे पाणी पायथ्याच्या झऱ्यांना व विहिरींना मिळते. लागवडीसाठी आधी उताराची, खोल मातीची जागा निवडावी आणि माथ्यावरील डबकी व भेगा बुजवू नयेत.