बेतणं कुणाच्या हाती?

आज बोलायचं आहे लहान मुलांच्या एप्रनबद्दल. एवढ्याशा कापडाला कसला आलाय इतिहास, असं वाटेल तुम्हाला. पण गेले काही महिने आमच्या गटांत हाच एप्रन शिवला जातोय. त्याचा कागदी पॅटर्न इंटरनेटवरून उतरवून घेतला. तो शिवता शिवता मागच्या गोष्टी शोधत गेलो, त्या आज तुम्हाला सांगतो.

आधी तो दिसतो कसा ते डोळ्यांपुढे आणा. छातीवर चौकोनी तुकडा, कमरेखाली चुण्यांचा घेर, खांद्यावर झालर, पाठीमागे बांधायचे बंद आणि पुढे एक खिसा. इंग्लंड-अमेरिकेत शंभर-दीडशे वर्षांपूर्वी लहान मुली असा एप्रन फ्रॉकवरून घालत. इंग्रजीत त्याला पिनाफोर म्हणत, म्हणजे पुढच्या बाजूने टाचणीनं टाचायचं कापड. आपल्याकडच्या शाळांत मुलींच्या बिनबाह्यांच्या गणवेशाला पिनाफोर म्हणतात ना, ते नाव तिथूनच आलं.

जुन्या चित्रांत त्या मुली पाहिल्या तेव्हा आम्हाला वाटलं, केवढ्या नटवल्यात पोरी! पण त्यात नटण्याचा भाग थोडा आणि धुण्याचा जास्त. तेव्हा धुणं म्हणजे आख्ख्या दिवसाचं काम. पाणी वाहून आणायचं, तांब्याच्या मोठ्या हंड्यात तापवायचं, कपडे उकळायचे, हातानं पिळायचे, मग चुलीवर तापवलेल्या लोखंडी इस्त्र्या फिरवायच्या. लोकरीचा फ्रॉक उकळत्या पाण्यात घातला की आटायचा, रंगीत असला तर रंग जायचा. शिवाय पोरीला फ्रॉक असायचे दोन, फार तर तीन. म्हणून वरून सुती कापडाचा एप्रन. मळला की तो काढायचा, उकळायचा; फ्रॉक तसाच चालायचा. आपण तान्ह्या बाळाला लाळेरं बांधतो, त्यातही हाच हिशेब आहे. झबलं धुण्यापेक्षा लाळेरं धुणं सोपं.

आता मुद्द्याकडे येतो. शिवणं वेगळं आणि बेतणं वेगळं, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. आमच्या गटांत कितीतरी जणींकडे मशीन आहे. टीप सरळ पडते, काज-बटण सफाईचं होतं. पण कोरं कापड पुढ्यात टाकलं की कात्री उचलत नाही. त्यामुळे काम कसं येतं? शहरातून कापलेल्या तुकड्यांचे गठ्ठे येतात, आपण जोडून द्यायचं, नगावर पैसे घ्यायचे. दर ठरवणार तो, ज्याच्या हातात कात्री. मध्यंतरी एका व्यापाऱ्यानं न कळवता गठ्ठे पाठवणं थांबवलं, तेव्हा एका वस्तीवरच्या सगळ्या मशीन झाकून पडल्या. हात तेच, दोरा तोच. पण बेतणं गावात नव्हतं.

हे दुखणं फार जुनं आहे. फ्रान्समध्ये पॅरिस शहरात कपडे शिवायचा हक्क शिंप्यांच्या संघाकडे होता, आणि संघ पुरुषांचा. बायका चोरून शिवत, पकडल्या गेल्या तर दंड भरत. शेवटी १६७५ साली राजानं बायकांच्या वेगळ्या संघाला मान्यता दिली. त्यांनी बायकांचे आणि लहान मुलांचे कपडे शिवावेत, पण दरबारी पोशाखाची घट्ट चोळी मात्र शिंप्यांनीच करावी, असं ठरलं. म्हणजे दार उघडलं, पण अर्धंच.

आपल्याकडेही शिवणकाम हा शिंपी समाजाचा व्यवसाय. संत नामदेव महाराज त्याच घरातले. पण बायकांना बेतणं येतच नव्हतं, असं कुणी म्हणू नये. खणातून चोळी बेतणाऱ्या बायका गावोगाव होत्या. एवढासा खण, पण त्यातली चिंधीही वाया जायची नाही. फक्त ती विद्या कागदावर उतरली नाही. जिला यायची तिच्याबरोबर ती गेली. पुढे १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं सेवासदन उभं राहिलं, तिथं बायकांना शिक्षणाबरोबर शिवणही शिकवू लागले. आज तालुक्याच्या शिवणक्लासात बेतणं शिकवतात ते सूत्रांनी: छातीचा चौथा भाग घ्या, त्यात इतके इंच मिळवा, मुंढ्यासाठी इतके वजा करा. जिची शाळा चौथीत सुटली ती तिथंच वही मिटते.

कागदी पॅटर्ननं ही सूत्रं बाजूला ठेवली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात स्टर्लिंग नावाचं लहानसं गाव आहे. तिथं एबेनेझर बटरिक नावाचे शिंपी राहत. त्यांच्या पत्नी एलन. त्यांची सांगितली जाणारी गोष्ट अशी, की १८६३ च्या हिवाळ्यात एलनबाई जेवणाच्या टेबलावर चौकड्याचं कापड पसरून मुलाचा झगा बेतत होत्या. जवळ होता तो पॅटर्न एकाच मापाचा. तो मुलाच्या अंगाला होण्यासाठी वाढवत-कमी करत बसावं लागत होतं. त्या नवऱ्याला म्हणाल्या, मुलाच्या मापाचाच कागद मिळाला असता तर किती सोपं झालं असतं! नवरा शिंपी, त्याला ते पटलं. त्यांनी एकाच कपड्याचे लहान-मोठे वेगवेगळ्या मापांचे पॅटर्न काढले. आधी जाड पुठ्ठ्यावर केले, पण ते घडी करून पाठवता येईनात, म्हणून पातळ टिश्यू कागदावर आले. घरच्याच माणसांनी कापायचे, घड्या घालायच्या. सुरुवात झाली ती पुरुषांच्या आणि मुलग्यांच्या कपड्यांपासून.

कागदी पॅटर्न त्याआधी नव्हते असं नाही. न्यूयॉर्कच्या एलन डेमोरेस्टबाई ते विकत होत्या. पण वेगवेगळ्या मापांचे तयार पॅटर्न ही बटरिक यांची देणगी. आमच्या मते खरी युक्ती तीच. तीन वर्षांच्या पोरीचा एप्रन कुणीही अंदाजानं कापेल. पण तीन, पाच आणि सात वर्षांच्या तीन मुलींचे मागितले तर माप किती वाढवायचं आणि कुठं, इथं गाडी अडते. कारण मूल सगळीकडून सारखं वाढत नाही; उंची भराभर वाढते, खांदे सावकाश.

थोड्याच वर्षांत बटरिक यांचं दुकान न्यूयॉर्कला गेलं, पॅटर्नची जाहिरात करायला मासिक निघालं, आणि पॅटर्न टपालानं खेडोपाडी जाऊ लागले. त्याच सुमारास शिवणमशीन घरोघरी येत होतं. एलियास होव यांचं पेटंट १८४६ चं, आयझॅक सिंगर यांचं १८५१ चं. मशीन महाग, म्हणून सिंगर कंपनीनं १८५६ पासून ते हप्त्यानं द्यायला सुरुवात केली. हप्त्याचं महत्त्व बचत गटातल्या बाईला वेगळं सांगायला नको!

यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली शिवणमशीनला अपवाद केलं होतं. बायकोचे कष्ट पाहून सिंगरनं ते शोधलं, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात सिंगर बोस्टनच्या एका कारखान्यात दुसऱ्यांची मशीन पाहता पाहता त्यात पडले, आणि संसाराच्या बाबतीत त्या गृहस्थांचं नाव काही फार चांगलं नव्हतं. पण मशीन चांगलं निघालं, ते असो.

ते जुने पॅटर्न आज पाहिले तर चक्रावून जायला होतं. कागद कोरा. ना ओळ, ना अक्षर. नुसती भोकं पाडलेली आणि कडेला खाचा मारलेल्या. मोठी भोकं कशाची, छोटी कशाची, हे पाकिटावर वाचून ध्यानात ठेवायचं. रेषा आणि सूचना छापलेले पॅटर्न निघाले ते १९२० च्या सुमारास. मग मात्र शाळकरी मुलीही त्यावरून शिवू लागल्या. शाळेतल्या शिवणाच्या तासाला त्यांना बहुतेकदा पहिल्यांदा एप्रनच देत. बाह्या नाहीत, कॉलर नाही, आणि बंद असल्यामुळे माप थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं.

१९२९ साली अमेरिकेत मोठी मंदी सुरू झाली. शेतकऱ्यांच्या घरी कापडाला पैसा उरला नाही. तेव्हा पीठ आणि कोंबड्यांचं खाद्य सुती पोत्यांतून यायचं. बायका ती पोती उसवून, कंपनीचा छाप धुऊन काढून, त्यातून मुलांचे कपडे आणि एप्रन शिवू लागल्या. हे पाहून कंपन्यांनी फुलाफुलांची पोती काढली. मग बायका नवऱ्याला बजावून पाठवायच्या, की मागच्याच फुलांचं पोतं आणा, झगा अर्धा राहिलाय. खाद्य कुठल्या कंपनीचं घ्यायचं हे पोत्याच्या फुलांवर ठरू लागलं. आम्हाला हा सगळ्या इतिहासातला सगळ्यात आवडता भाग वाटतो.

आता तो पॅटर्न पाकिटातूनही येत नाही, फोनवर येतो. पीडीएफ उतरवायची आणि झेरॉक्सच्या दुकानात छापून घ्यायची. इथं एक गोष्ट दुकानदाराला ठणकावून सांगा: छपाई शंभर टक्के मापात हवी. अमेरिकेतल्या पॅटर्नची पानं तिथल्या कागदाच्या मापाची असतात. आपला ए-फोर कागद थोडा अरुंद आणि लांब. मशीन आपोआप चित्र लहान करून बसवतं, आणि पाच वर्षांचा एप्रन चार वर्षांचा होतो. म्हणून पॅटर्नवर एक मोजणीचा चौकोन दिलेला असतो. पहिलं पान छापलं की आधी तो पट्टीनं मोजायचा. बरोबर आला तरच पुढची पानं काढायची, मग खुणा जुळवून चिकटवायची.

उभा बाण दिसला की तो कापडाच्या उभ्या धाग्यावर ठेवायचा. ‘घडीवर’ लिहिलं असेल ती कड दुमडीवर, तिथं कात्री लावायची नाही. शिलाईची माया धरलेली आहे की सोडायची आहे, हे कापण्याआधी वाचायचं. गळ्याच्या आणि मुंढ्याच्या गोलाईला तिरप्या कापडाची पट्टी लावायची, सरळ पट्टी तिथं चुरगळते. आणि विकायला शिवणार असाल तर पॅटर्नवर परवानगी लिहिली आहे का ते पाहा. काही पॅटर्न फक्त घरच्या वापरासाठी असतात. आम्ही विक्रीची मुभा स्पष्ट लिहिलेलाच निवडला, मग तो खाकी पुठ्ठ्यावर उतरवला, आणि तिन्ही मापं दोरीत ओवून खिळ्याला टांगली.

पहिले एप्रन गावातल्याच मुलांसाठी गेले. जुन्या सुती साडीचा चांगला राहिलेला भाग त्याला उत्तम. एक साडी तिघींना पुरते, खिशाला काठ येतो. गठ्ठ्यांचं काम आम्ही सोडलेलं नाही, सोडणं परवडणारही नाही. पण परवा दर ठरवायला आलेल्या माणसानं खिळ्यावरची ती पुठ्ठ्याची मापं पाहिली आणि विचारलं, “हे कुणी कापलं?” वस्तीवरच्या चौघीजणी एकदम म्हणाल्या, “आम्ही.”

आमच्या एका गटात ऐंशीच्या घरातल्या एक आजी आहेत. त्या अजून खणातून चोळी बेततात. टेप नाही, वीत आणि बोटं. आता त्या कापायला बसल्या की आम्ही प्रत्येक तुकडा वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीनं आखून घेतो. काखेतल्या त्रिकोणी तुकड्यापाशी परवा सगळ्या अडलो होतो. आजी म्हणाल्या, “लिवताय काय गं, बघा की.” बघतोय, आणि लिहितोही आहोत. पुढच्या मंगळवारी पाठीचा तुकडा आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी जुनं वर्तमानपत्र आणि पेन्सिल घेऊन या.