देऊळ नसलेले देव : सातवाहनकालीन दख्खनमधील रोमन अवशेषांचा अन्वयार्थ

रोमन साम्राज्यातील मिथ्रस देवतेच्या पंथाचा एकही धर्मग्रंथ आज उपलब्ध नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीपासून चौथ्या शतकापर्यंत सैनिक, अधिकारी, व्यापारी आणि मुक्त गुलाम यांच्यात प्रसार पावलेल्या या पंथाविषयी जे ज्ञात आहे, ते मुख्यत्वे त्याच्या देवळांच्या उत्खननांतून आणि शिलालेखांतून. लंडनमधील वॉलब्रुक येथे १९५४ मध्ये डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांच्या उत्खननात मिथ्रसचे संगमरवरी शिर मिळाले. त्याच वास्तूत मिनर्व्हा व सेरापिस यांचीही शिरे मिळाली. ही शिरे एरवी कोठे सुटी सापडली असती, तर ती एखाद्या श्रीमंताच्या दिवाणखान्यातील शोभेच्या वस्तू म्हणूनही गणली गेली असती. ती जमिनीखाली पुरलेली होती आणि वर देवळाची रचना होती, म्हणून त्यांना धर्माच्या इतिहासात स्थान मिळाले. मूर्तीला साक्षीदार करते ती तिची जागा.

हा निकष आपल्याकडील रोमन अवशेषांना लावून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मिथ्रसचे नाव वैदिक मित्र आणि अवेस्तातील मिथ्र यांच्याशी जोडलेले असले, तरी रोमन पंथाच्या केंद्रस्थानी असलेला देवाच्या हातून घडणारा वृषवध या दोन्ही परंपरांतील मित्राच्या वर्णनात नाही. महाराष्ट्रात मिथ्रसचेच काय, कोणत्याही रोमन देवतेचे देऊळ सापडलेले नाही. सापडले आहेत ते देऊळ नसलेले देव.

त्यांतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवरील कांस्य पोसायडन. १९४४-४५ च्या सुमारास तेथे कांस्य वस्तूंचा साठा उजेडात आला, त्यानंतर ह. धी. सांकळिया व मो. गं. दीक्षित यांनी डेक्कन कॉलेजतर्फे तेथे उत्खनन केले. समुद्रदेवतेची ही छोटी मूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. पाठ्यपुस्तकी वर्णनांत ती एकटीच झळकते. प्रत्यक्षात तिच्या सोबतीला आरसा होता, भांडी होती आणि हत्तीवर स्वार झालेल्या माणसांची खास भारतीय घडणीची कांस्यकृतीही होती. वेदी नाही, नवसाचा लेख नाही. साठ्याचे हे संमिश्र स्वरूप पाहता, धातूच्या किंवा कलाकुसरीच्या मोलासाठी जमवलेला हा ऐवज असावा, हेच अनुमान मला अधिक सयुक्तिक वाटते. कोल्हापुरात पोसायडनची पूजा होत होती, असे म्हणण्यास त्यात काहीही आधार नाही.

याच प्रश्नाची उलट बाजू इटलीत आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईतील एका घरात १९३८ मध्ये एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणण्याचा प्रघात पडला आणि आपणही वर्गात तेच नाव अभिमानाने सांगतो. मात्र मूर्तीच्या मस्तकापासून खाली छिद्र कोरलेले आहे; ती एखाद्या छोट्या मेजाचा पाय किंवा आरशाची मूठ असावी, असे अभ्यासक मानतात. पॉम्पेईत भारतीय देवी पूजली जात होती असे कोणी म्हणू लागले, तर आपण हसू. मग कोल्हापूरच्या बाबतीत तीच सावधगिरी का नको?

या मूर्तीचे सगेसोयरे मराठवाड्यात आहेत, ही आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट होय. नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली १९७३ मध्ये भोकरदन येथे संयुक्त उत्खनन केले. सांची व भारहूत येथील दानलेखांत उल्लेखिलेले भोगवर्धन ते हेच. तेथे दोन परिचारिकांसह असलेल्या अशाच हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भग्न भाग मिळाला. तेर येथेही याच जातकुळीची हस्तिदंती मूर्ती मिळाली आहे. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवृत्तात पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तगर म्हणजे तेरहून कापड गाडीवाटेने भडोचला जात असल्याची नोंद आहे. भडोच ते पैठण वीस दिवस, पैठण ते तगर पूर्वेस आणखी दहा. त्या गाड्यांत हस्तिदंती कामही असावे आणि परतीच्या वाटेने कांस्य वस्तू येत असाव्यात.

तेरच्या बाबतीत एक अडचण आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी चिकाटीने जमवलेल्या पुरावस्तूंमुळेच तेथील संग्रहालय उभे राहिले आणि हे ऋण मोठे आहे. परंतु उत्खननाबाहेर गोळा झालेल्या वस्तूला स्तर नसतो. तेथील रोमन नाण्यांच्या मातीतील नकला कोणाच्या गळ्यात होत्या, कोणत्या घरात, कोणत्या थरात, हे सांगणारी मातीच निसटलेली असते. उलट तेरच्याच त्रिविक्रम मंदिरात इमारत टिकली आणि देव बदलला, असे हेन्री कझिन्स यांच्या मतावरून म्हणावे लागते. ती वास्तू मूळची बौद्ध चैत्यगृह होती, असे त्यांनी मानले.

मग दख्खनमध्ये आलेल्या परकीयांचा धर्म शोधायचा कोठे? प्युटिंगर नकाशावर मुझिरिसजवळ ऑगस्टसचे मंदिर दाखवले आहे, पण ते दूर केरळात, आणि तेही कागदावरच. महाराष्ट्रात याविषयीचा पुरावा लेण्यांत आहे. 'यवन' या शब्दाचा नेमका अर्थ वादग्रस्त आहे, हे ध्यानात ठेवूनही कार्ले येथील चैत्यगृहाचे दानलेख वाचावेत: धेनुकाकटच्या यवनांनी तेथील अनेक स्तंभ दिले. जुन्नरला यवन इरिलाने पाण्याची टाकी दिली. हे पुरावे वाहून नेता येणारे नाहीत. ते कड्यातच कोरलेले आहेत. नाशिकच्या सतराव्या लेण्यात उत्तरेकडील दात्तामित्री नगरातून आलेला योनक इंद्राग्निदत्त, धर्मदेवाचा पुत्र, पुत्र धर्मरक्षितासह लेणे, चैत्यगृह आणि पाण्याची टाकी खोदवल्याचे सांगतो. आई-वडिलांच्या पुण्यासाठी आणि सर्व बुद्धांच्या पूजेसाठी हे दान आहे, असे त्याने नोंदवले आहे.