‘स्कॅव्हेंजर’ : लंडनच्या जकातीचा शब्द आपल्या गळ्यात कसा पडला?

सफाईच्या कामाला जात कशी चिकटली, असे विचारले की आपण मनुस्मृतीकडे बोट दाखवतो. ते योग्यच आहे. पण या जातीला सरकारी कागदावर पक्के करणारा एक जुना इंग्रजी शब्दही आहे, ‘स्कॅव्हेंजर’. त्याचा इतिहास आंबेडकरी तरुणांनी समजून घ्यावा, म्हणून हा लेख.

मध्ययुगीन लंडनमध्ये ‘स्कॅव्हेज’ नावाचा कर होता. परक्या व्यापाऱ्याने विक्रीसाठी मांडलेल्या मालावर तो घेतला जाई. शब्दाचे मूळ पाहणे, तपासणे या अर्थाच्या क्रियापदात आहे. इंग्रजीतला ‘शो’ त्याच कुळातला. हा कर वसूल करणारा तो ‘स्कॅव्हेजर’, म्हणजे अधिकारी! पुढे त्याच्याकडे रस्त्यांच्या स्वच्छतेची देखरेख आली. ‘मेसेजर’चा ‘मेसेंजर’ झाला, तसा ‘स्कॅव्हेजर’मध्ये ‘न’ शिरून ‘स्कॅव्हेंजर’ झाला. हळूहळू देखरेख करणाऱ्याचे नाव झाडणाऱ्याला लागले. आणखी पुढे मेलेल्या जनावरावर जगणाऱ्या गिधाडालाही इंग्रजीत हाच शब्द वापरू लागले.

तिथे शब्द घसरला, पण तो कुणाच्या जन्माला चिकटला नाही. इथे नेमके उलटे झाले. इंग्रजांच्या नगरपालिकांनी मैला उचलण्याचे काम त्याच जातींकडे ठेवले आणि त्याला ‘स्कॅव्हेंजर’ हे पदनाम दिले. जात तीच, फक्त हजेरीपटावर चढली. बाबासाहेबांनी १९४५ च्या ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले?’ या ग्रंथात दाखवून दिले की काही प्रांतांत सफाई कामगाराने काम नाकारणे हा फौजदारी गुन्हा होता. या कामाला थोर सेवा म्हणून गौरवणे म्हणजे त्या माणसाला तिथेच डांबणे, हा त्यांचा मुद्दा होता. जो सोडता येत नाही तो पेशा कसला? ती वेठबिगारीच.

आता आपल्या उल्हासनगरकडे या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवले गेले आणि १९४९ मध्ये त्या कॅम्पाचे उल्हासनगर झाले. घरदार सोडून आलेल्या त्या माणसांचे दुःख खरे होते. पण सीमेपलीकडे कोण अडकले होते, हे या शहराच्या इतिहासात क्वचितच सांगितले जाते. १८ डिसेंबर १९४७ रोजी कायदामंत्री असलेल्या बाबासाहेबांनी पंडित नेहरूंना पत्र लिहिले. पाकिस्तान सरकार अनुसूचित जातींना बाहेर पडू देत नाही, विशेषतः सफाई कामगारांना ‘अत्यावश्यक सेवा’ ठरवून महिन्याच्या नोटिशीशिवाय सोडत नाही, अशी त्यांची तक्रार होती. देश तुटला, सरकार बदलले, धर्म बदलला. पण मैला उचलणारा हात मात्र कुणालाच सोडायचा नव्हता. ‘अत्यावश्यक’ हा शब्द ऐकायला मानाचा वाटतो. इथे त्याचा अर्थ होता कैद.

आजची गोष्टही वेगळी नाही. हाताने मैला उचलायला लावण्यावर बंदी घालणारा नवा कायदा ६ डिसेंबर २०१३ ला, महापरिनिर्वाणदिनी, लागू झाला. पण त्यातली व्याख्या वाचा. सरकारने ठरवलेली उपकरणे आणि संरक्षक साधने वापरणारा माणूस ‘मॅन्युअल स्कॅव्हेंजर’ समजला जात नाही. गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरणे ‘धोकादायक सफाई’ या वेगळ्या शब्दाखाली येते. म्हणूनच जुलै २०२१ मध्ये केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले राज्यसभेत सांगू शकले की मॅन्युअल स्कॅव्हेंजिंगमुळे एकाही मृत्यूची नोंद नाही. माणसे टाकीत गुदमरून मरत होती. त्यांचा मृत्यू फक्त दुसऱ्या रकान्यात गेला होता.

म्हणून आमचे सांगणे आहे की शब्दांचे भांडण हे पंडितांचे भांडण समजू नका. उल्हासनगर महापालिका असो, अंबरनाथ किंवा कुळगाव-बदलापूर नगरपरिषद असो, की एखादी खासगी सोसायटी असो, संरक्षक साधनांशिवाय कुणाला टाकीत उतरवणे कलम ७ नुसार गुन्हा आहे. काम थेट दिले की ठेकेदारामार्फत, याने फरक पडत नाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. गटारातील मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपये भरपाई ठरवली आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती ३० लाख केली. पोलीस ठाण्यात ‘अपघाती मृत्यू’ एवढेच लिहून घेतले जात असेल, तर तिथे कायद्याचे नाव आणि कलम लिहून घ्यायला लावणे हे आपले काम आहे. त्या एका ओळीवर घरच्यांचा हक्क टिकतो.

लंडनचा स्कॅव्हेजर दुसऱ्याच्या मालाची तपासणी करायचा. आता तपासणी आपण करायची, प्रत्येक ठेक्याची, प्रत्येक नोंदीची. शिका म्हणजे हेही शिका.

जय भीम!