रंगभूमीची साथ: सारंगी, पेटी आणि ऑर्गन

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग पुण्यास ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं झाला आणि मराठी संगीत रंगभूमीस नवें वळण लागलें. त्या काळीं ध्वनिवर्धक नव्हते. नटाचा गळा आणि साथीचें वाद्य यांनींच शेवटच्या रांगेपर्यंत पोहोंचावयाचें आणि मध्यरात्र उलटेपर्यंत टिकावयाचें. त्यामुळें साथीस कोणतें वाद्य घ्यावें, हा प्रश्न केवळ रसिकतेचा नव्हता. नटाचा गळा शाबूत राहणें पुष्कळसें त्यावर अवलंबून असे.

सारंगी ही गळ्याची सख्खी बहीण. मींड, कण, आंदोलन, सर्व तिच्यांत उमटतें; परंतु तिचा आवाज लहान, आणि हवा पालटली कीं तारा उतरतात. पेटीचें तसें नाहीं. पॅरिसच्या देबँ यानें १८४० सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें. त्याच वंशांतील हातपेटी पुढें हिंदुस्थानांत तयार झाली आणि नाटकमंडळ्यांच्या सामानांत सहज मावली. पट्टी दाबतांच सूर तयार; कच्च्या कानाच्या नटासही आधार. मात्र दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेंत पेटी मुकी असते. शिवाय सप्तकाचे बारा सारखे भाग पाडल्यामुळें तिचा शुद्ध गांधार स्वाभाविक गांधाराहून किंचित् चढा लागतो. तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानास तो टोंचल्यावांचून राहत नाहीं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स साहेब यांनीं बावीस श्रुतींची पेटी बनविण्याचा खटाटोप केला. विचार शास्त्रशुद्ध होता, पण भर नाटकांत इतक्या पट्ट्या सांभाळणार कोण?

पेटीचा अधिकार गाजविला तो गोविंदराव टेंब्यांनीं. ‘मानापमाना’च्या चाली १९११ सालीं त्यांनींच दिल्या; आणि १९१३ सालीं गंधर्व नाटक मंडळी निघाली, तेव्हां बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह तेही मालक होते. पुढें याच मंडळीच्या साथींत पेटीची जागा ऑर्गननें घेतली.

हातपेटींत भाता वारा बाहेर लोटतो. अमेरिकन ऑर्गनांत तो आंत ओढला जातो, आणि आंत शिरणाऱ्या वाऱ्यानें पितळी पत्त्या वाजतात. म्हणून आवाज कमी कर्कश, अधिक गोल. भाता पायानें चालत असल्यामुळें दोन्ही हात मोकळे: उजव्यानें गायकाचा माग काढावा, डाव्यानें खालच्या सप्तकांत सूर धरून ठेवावा. गायकानें श्वास घेतला तरी नाट्यगृह रिकामें वाटत नसे. बालगंधर्वांच्या साथीस ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा असत. येथें ऑर्गन आला म्हणून सारंगी गेली नाहीं, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. ऑर्गनचे सूरही बाराच. त्यानें भरदारपणा दिला आणि मींड सारंगीनें सांभाळली. श्रुतींचा प्रश्न सुटला नाहीं. सारंगीच्या पदराखालीं तो झांकला गेला, इतकेंच.

या सुखाची किंमतही होती. एवढें धूड गांवोगांव न्यावयाचें. पत्तींत धुळीचा कण अडकला तरी सूर बंद!

नभोवाणीनें १ मार्च १९४० पासून पेटीस मज्जाव केला. तो पुढें सुमारें तीस वर्षांनीं सैल झाला. टीकाकारांचा आक्षेप खोटा नव्हता. परंतु ध्वनिक्षेपकासमोर गाणाऱ्यास शेवटच्या रांगेची चिंता नसते, ती रंगभूमीवरील नटास होती. एका घरचा न्याय दुसऱ्या घरीं लावणें बरें नव्हे.

अमेरिकेंतील एस्टी हा ऑर्गनचा प्रख्यात कारखाना १९६० सालीं बंद पडला. आतां नाट्यगीतांच्या साथीस पुष्कळदां विजेचा कीबोर्ड असतो. त्यांत ऑर्गनचा आवाज हुबेहूब मिळतो, आणि तो एका माणसास उचलतांही येतो. जुन्या ऑर्गनास मात्र खालीं गुडघ्यानें ढकलावयाची दांडी असे. ती सरकवून वादक नटाच्या तानेबरोबर सूर फुगवी आणि शब्द येतांच आवरून घेई.