वेब होस्टिंगची निवड : मोठ्या वर्दळीची संकेतस्थळे

संकेतस्थळाच्या फाइली, प्रोग्रॅम आणि डेटाबेस ठेवायला सर्व्हरवर भाड्याने मिळणारी जागा म्हणजे वेब होस्टिंग. शेअर्ड, व्हीपीएस (एका सर्व्हरचा राखीव आभासी भाग), डेडिकेटेड (पूर्ण सर्व्हर एकाच ग्राहकाला) आणि क्लाउड (गरजेप्रमाणे अनेक सर्व्हरांतून मिळणारी क्षमता) हे तिचे रूढ प्रकार. शेअर्डमध्ये एकाच सर्व्हरवर अनेक ग्राहक असल्याने शेजाऱ्याच्या गर्दीचा ताण आपल्यावर येतो. मोठ्या वर्दळीला तो प्रकार बादच. उरलेल्या तिघांतून निवडताना बहुतेक जण महिन्याची वाचकसंख्या पाहतात, आणि तिथेच हिशेब चुकतो. पाहायचे ते ऐन गर्दीच्या मिनिटाला किती विनंत्या येतात आणि त्यांतल्या कितींसाठी डेटाबेसमध्ये नवी नोंद करावी लागते.

28 एप्रिल 2021 रोजी दुपारी 4 वाजता 18 वर्षांवरील सर्वांसाठी कोविन या सरकारी पोर्टलवर कोविड लसीची नोंदणी खुली झाली. थोड्याच वेळात सेकंदाला 55 हजार हिट येत असल्याचे सरकारी यंत्रणेने जाहीर केले. सुरुवातीला अनेकांना ओटीपीच मिळेना. दिवसभराच्या सरासरीत अशी लाट दिसतच नाही. दहावी-बारावीच्या निकालालाही गर्दी एकदमच उसळते, पण तिथे फक्त वाचायचे असते. निकाल आधीच ठरलेला असतो, त्याच्या तयार प्रती सीडीएनच्या (मजकूर पोहोचवणाऱ्या जाळ्याच्या) ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवता येतात आणि मूळ सर्व्हरवर भार जवळजवळ पडत नाही. लसीची वेळ राखताना ही सोय नाही. एकच जागा दोघांना देता येत नाही, त्यामुळे प्रत्येक आरक्षण ताज्या नोंदीशी ताडून पाहावेच लागते.

क्लाउडवर सर्व्हर आपोआप वाढतात, मग एवढा विचार कशाला, असा आक्षेप घेतला जातो. वेब सर्व्हर वाढतात हे खरे; पण नवी यंत्रे उभी राहीपर्यंत पहिली लाट येऊन गेलेली असते आणि ती सारी ज्या डेटाबेसकडे धावतात तो तितक्या सहज वाढत नाही. शिवाय खर्च आहेच. बेसकॅम्प चालवणाऱ्या 37सिग्नल्सने 2022 मध्ये क्लाउड सोडण्याचा निर्णय जाहीर केला; त्या वर्षीचे त्यांचे क्लाउडचे बिल सुमारे 32 लाख डॉलर होते. प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ स्टॅक ओव्हरफ्लो तर 2016 मध्ये दिवसाला सुमारे 21 कोटी विनंत्या स्वतःच्या यंत्रांवर हाताळत होते आणि मुख्य संकेतस्थळांसाठी त्यांना 9 वेब सर्व्हर पुरत होते. अर्थात, अशी यंत्रे सांभाळणारी कसबी माणसे प्रत्येकाकडे नसतात. वर्दळ वर्षभर सारखी आणि माणसे हाताशी असतील तर डेडिकेटेड सर्व्हर परवडतो; गर्दी वर्षातून एक-दोनदाच उसळत असेल तर क्लाउड बरा, मात्र क्षमता आदल्या दिवशीच वाढवून ठेवावी. सार्वजनिक सेवेचे संकेतस्थळ अडले की नागरिकाचा हक्कच अडतो. म्हणून अशा सेवेचा करार करण्यापूर्वी ऐन गर्दीएवढ्या भाराची चाचणी घ्यावी आणि तीत नोंदणीचा टप्पाही तपासावा.